वांगी रंगाचा परका

भिंत शिवरंजनीला रंगवायला दिली तर माझा फायदा तीन बाजूंनी होता. एक, आमची भिंत कोपऱ्यावर असल्यामुळे येणारेजाणारे पुरुष तिच्याकडं तोंड करून जे काही करत, ते बंद होणार होतं. दोन, पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा घरच्या घरी निघणार होती. नांदेडला तिच्या चित्रकलेच्या कॉलेजात यंदा असा फतवा निघाला होता की प्रत्येकानं आपल्या गावात रस्त्याकडची एक भिंत रंगवायची आणि बाहेरचे परीक्षक जागेवर येऊन ती बघणार. भिंत नाही तर गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर वर्ष गेलं. तिसरा फायदा मी घरात बोललो नव्हतो. परभणीच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा लावलेल्या लिंबाच्या सावलीवरून दोन भांडणं होऊन मिटलीसुद्धा, पण कॉलनीत आम्हाला अजून नाव नाही. आम्ही 'पूर्णेवाले'. पूर्णा म्हणजे काही सातासमुद्रापलीकडं नाही. रेल्वेत बसून शेंगांची पुडी सोडली तर ती संपायच्या आत गाव येतं. तरीही संक्रांतीचा तीळगूळ आम्हाला फाटकावरून मिळतो आणि लग्नाच्या पत्रिकेवर 'पूर्णेवाले, कोपऱ्याचं घर' असं लिहिलेलं असतं. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीच्या दुकानात हिशेब बघतो. माल आत आला की त्याच्या पोत्यावर नाव पडतं. माझ्यावर पडलं नव्हतं. भिंतीवर काहीतरी झकास निघालं तर लोक थांबतील, विचारतील, आणि कुणीतरी सांगेल की ही शिवकांतरावांची भिंत, असा माझा अंदाज.

भिंतीला देवादिकांच्या फरशा लावा, हा सल्ला मला आधी मिळाला होता. पण आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात असतो. त्याला भिंतीवर चिकटवून मुतारीचा पहारा करायला लावणं मला पटेना.

"काय काढणार?" मी शिवरंजनीला विचारलं. माझ्या मनात मोर होता.

"परग्रहवासी," ती म्हणाली.

रुद्राणी, म्हणजे माझी बायको, ओट्याशी बसून ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठल्या ग्रहाचा? शनीचा नको. मंगळाचाबी नको, अजून तुझं लग्न व्हायचंय. गुरूचा असंल तर काढ."

"ग्रहाचं काही नाही गं आई. माणसांनी ज्याला आपल्यातला म्हटलं नाही, त्याला चित्रात कायम मोठे डोळे दिले, वेगळा रंग दिला, वेडीवाकडी बोटं दिली. पूर्वी त्याला राक्षस म्हणायचे, आता परग्रहवासी म्हणतात. मला तो तसाच काढायचाय. पण आपल्या गल्लीतला. हातात पिशवी, फाटकाबाहेर उभा. आत बोलावतील का, ते बघत."

"आणि फाटक कोण उघडतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही अप्पा. चित्रात फाटक नाहीच. तो ज्याच्याकडं बघतो, फाटक त्याचं."

मला निम्मं कळलं. निम्मं कळलं की बाप हो म्हणतो.

अडचण आली ती रंगाची. परग्रहवासी हिरवा असतो, एवढं मलाही माहीत होतं. पण आपल्याकडं हिरवा रंग मोकळा नाही. हिरवा काढला की एकजण विचारणार, दुसरा रागावणार, आणि तिसरा दोघांचे व्हिडिओ काढणार. भगवा तर विचारूच नका. निळा काढला तर त्याला मान द्यावा लागेल, पिशवी घेऊन दारात उभा करता येणार नाही. पिवळ्यानं भंडारा आठवतो, पांढरा पुढाऱ्यांकडं गेलेला, काळा म्हणजे अमावास्या. लाल म्हणावा तर तोही एका पक्षानं आधीच धरून ठेवलेला. बापलेकी अंगणात रंगांच्या डब्यांभोवती बसलो आणि तासाभरानं ध्यानात आलं की सूर्यप्रकाशात जेवढे रंग आहेत तेवढे सगळे कुणी ना कुणी नावावर करून घेतलेत. परक्यासाठी एकही रंग शिल्लक नाही. शेवटी रुद्राणीनं भाजीच्या टोपलीतून एक वांगं उचलून आमच्यापुढं टाकलं. "घ्या. ह्याचा झेंडा कुणाचाच न्हाई."

तर असा आमच्या भिंतीवर एप्रिलच्या उन्हात वांगी रंगाचा परका उभा राहिला. माणसापेक्षा हातभर उंच, अंगात इस्त्री केलेला हाफ शर्ट, पायांत स्लीपर, हातात जाड कापडी पिशवी. आणि डोळे. डोळे शिवरंजनीनं चार दिवस रंगवले. मी हिशेबाचा माणूस, मला कला कळत नाही, पण त्या डोळ्यांपुढून जाताना मी सायकलवरनं उतरायला लागलो. ते रागीट नव्हते, केविलवाणेही नव्हते. बसायला सांगाल का, एवढंच ते विचारत होते, आणि उत्तर येईपर्यंत हलणार नव्हते.

सल्ले सुरू झाले. आपल्याकडं माणूस खड्डा खणायला लागला तर लोक दुरून बघतात, चित्र काढायला लागला तर जवळ येतात. एकजण डेंग्यूची जनजागृती समजून डासाला पंख राहिलेत म्हणून सांगून गेला. शेजारचे चंद्रभान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, रोज सकाळी खुर्ची टाकून बसत.

"पोरी, खाली कायतरी लिव्ह. लिव्हल्याबिगर चित्र अर्धवट वाटतं."

"काय लिहू काका?"

"पाणी वाचवा लिव्ह. कशाखालीबी चालतं."

मूळ अडचण मात्र पहिल्याच आठवड्यात सुटली. त्या डोळ्यांसमोर उभं राहायची कुणाची हिंमत होईना. एक गृहस्थ सवयीनं आले, तयारीत उभे राहिले, वर बघितलं आणि "माफ करा" म्हणून निघून गेले.

चंद्रभान यांच्या मागच्या खोलीत सिद्धोधन सर भाड्यानं राहतात. पोखर्णीच्या शाळेत शिकवतात, सकाळी जातात, दुपारी येतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते एकदा गाडी बंद करून भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. मी पाणी विचारलं तर नको म्हणाले.

"शिवकांतराव, हे कुणावरनं काढलंय?"

"कुणावरनंच नाही सर. परग्रहवासी आहे."

"असं होय." ते हसले. "मी या गावात खोली बघत फिरलो तेव्हा असाच उभा राहायचो. पिशवीत कागदपत्रं. फाटकातून पहिला प्रश्न काय यायचा माहितीये? पगार किती, हा नाही. आडनाव काय, हा. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची."

मला कुठं बघावं कळेना. समोर बघावं तर सर, बाजूला बघावं तर ते डोळे.

"बाकी काही बदला," गाडीला किक मारत सर म्हणाले, "डोळे तेवढे हलवू नका म्हणावं ताईला."

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी आज तुम्हाला चहा पाजून हेच सांगितलं असतं की कला समाज जोडते. पण आमच्या बरोबर समोर व्यंकटरावांचं घर आहे.

व्यंकटराव मूळचे पेडगावचे. तिथं चांगली काळी जमीन. कॉलनीतलं सगळ्यात मोठं घर त्यांचं, सगळ्यात खोल बोअर त्यांचा, आणि रस्त्याखालून एक पाइप त्या बोअरवरून आमच्या हौदात येतो. नळाला पाणी आपल्या मर्जीनं येतं, त्यामुळं उन्हाळ्यात आम्ही व्यंकटरावांच्या कृपेवर आंघोळ करतो. दिवाळीपासून त्यांच्या घरावर वरचा मजला चढत होता. आणि आपल्याकडं चढत्या घराला राक्षसाचं तोंड टांगतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ते वाटेल त्या दिशेला टांगत नाहीत. ज्याची नजर लागायची धास्ती, त्याच्याकडं तोंड करून टांगतात. व्यंकटरावांच्या बांबूवरचं तोंड आमच्या घराकडं होतं. जीभ बाहेर, मिशा वर. आम्ही ते गिळलं होतं. म्हणजे मी गिळलं होतं. रुद्राणी अजून चावत होती.

शिवरंजनीनं डोळे पुरे केले त्या दुपारी व्यंकटरावांच्या पत्नी कस्तुराबाई फाटकापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

"रुद्राणी, आमचं काही चुकलं का गं?"

"का हो काकू? काय झालं?"

"न्हाई, आमी आपलं एवढुसं टांगलं होतं. रीत म्हनून. तुमी तर अख्खी भितच उठिवलाव. आमच्यापेक्षा दुप्पट डोळे."

"काकू, ते कलेचे डोळे आहेत. कॉलेजचं काम आहे तिचं."

"असंल की. पन कला बघायलीय ती आमच्या देवघरात."

रुद्राणीनं पुष्कळ समजावलं. माझं मत असं की तिनं मध्येच "आणि तुमचं जिभाळं तोंड दिवाळीपासून आमच्या स्वयंपाकघरात बघतंय, त्याचं काय" हे वाक्य घातलं नसतं तर समजावणं लागू पडलं असतं. तिचं मत असं की ते एकच वाक्य कामाचं होतं.

संध्याकाळी हौदात पाणी आलं नाही. व्यंकटराव काही बोलले नाहीत. मोठी माणसं बोलत नाहीत, वॉल्व्ह फिरवतात. दुसऱ्या दिवशी बांबूवर राक्षसाशेजारी परातीएवढा आरसा आला, आमची नजर आम्हाला परत करण्यासाठी. नजर परत आली की नाही सांगता येणार नाही, पण दुपारचं ऊन नेमकं त्या आरशावरून आमच्या तव्यावर यायला लागलं. रुद्राणी एका हातानं डोळे झाकून दुसऱ्या हातानं भाकरी थापायची. एका हाताची भाकरी कशी होते ते मी दोन दिवस खाऊन बघितलं.

आमच्यात नजर, उतारा, लिंबू-मिरची चालत नाही. शरणांनी, म्हणजे आमच्या संतांनी, हे सगळं कधीच सोडायला सांगितलेलं आहे आणि आम्ही ते प्रवचनात दरवर्षी ऐकतो. म्हणून रुद्राणीनं लिंबू दाराला बांधलं नाही, नुसतं उंबऱ्याजवळ ठेवलं. लोणच्याचं म्हणून. मिरच्या त्याच्याशेजारी ठेवल्या. दोरा नव्हता, एवढा धर्म आम्ही पाळला.

गुरुवारी वॉर्डाच्या कचेरीतून परमेश्वर नावाचे लिपिक नोटीस घेऊन आले. भिंतीवर विनापरवाना चित्र. तक्रार आली होती.

"कुणाची?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही," परमेश्वर म्हणाले आणि व्यंकटरावांच्या वरच्या मजल्याकडं बघत उभे राहिले.

मी त्यांच्या मागोमाग कचेरी गाठली. अर्ज मिळाला. त्यात 'चित्राचा विषय' असा रकाना होता आणि पुढं निवडायला पर्याय: स्वच्छता, पाणी, वृक्ष, कन्या, थोर पुरुष, पशुपक्षी, इतर. मी इतरवर खूण केली. परमेश्वर यांनी चष्मा काढला. साधा चष्मा काढणं नव्हे ते. डॉक्टर रिपोर्ट वाचून काढतात तसं.

"इतर करू नका. इतरला समोरच्या घरमालकाची ना-हरकत लागते."

"आणि मोराला?"

"मोराला कशाला? मोराला कोण हरकत घेतो?"

"ह्याला पशुपक्ष्यांत घ्या की."

"शर्ट घातलाय त्यानं."

"मग थोर पुरुषांत."

"जयंती सांगा, घेतो."

मी सरळ हात जोडले. "साहेब, सोमवारी परीक्षक येणारेत. पोरीचं वर्ष त्या भिंतीवर आहे. सोमवारपर्यंत तेवढं राहू द्या."

परमेश्वर वाईट माणूस नव्हते, नियम त्यांच्यापेक्षा जुना होता. "शनिवारी दुपारपर्यंत ना-हरकत आणा. न्हाई आली तर आमची माणसं चुना घेऊन निघतील. तुम्ही उगं मनाला लावून घेऊ नका, चुना सगळ्यांनाच मारतेत."

"पण भिंत माझी आहे हो."

"भिंत तुमची. रस्त्याकडची बाजू गावाची. आतल्या बाजूला तुम्ही सैतान काढा, तो विषय आमच्याकडं येत न्हाई."

घरी येऊन मी शिवरंजनीला सांगितलं. ती ब्रश धूत होती. तिनं नळ सोडला. पाणी आलं नाही. मग बादलीतल्या तळाच्या पाण्यात ब्रश हलवत बसली. मला दुकानात लाखाची चूक निघाली तरी झोप लागते, पण त्या बादलीतला आवाज मला घरात बसू देईना. तिच्याबरोबरची पोरं हत्ती, मोर आणि गाडगेबाबांचा झाडू काढून मोकळी झाली होती. माझ्या पोरीनं परका काढला आणि परक्याला परवानगी नाही.

मी व्यंकटरावांकडं गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या फाटकाच्या आत माझं हे पहिलंच पाऊल, तेही अर्ज घेऊन. ते वरच्या मजल्यावर सिमेंटच्या पोत्यावर बसले होते. मला दुसरं पोतं दाखवलं. वरून आमची भिंत लख्ख दिसत होती. खरं सांगायचं तर वरून ते डोळे जास्तच बघत होते.

"शिवकांतराव," ते म्हणाले. मला नावानं हाक मारणारा कॉलनीतला हा दुसरा माणूस, आणि पहिला भाडेकरू होता. "बायकांचं नजरेचं खूळ सोडा. मला एकच सांगा. ते मी हाय का?"

"कोण?"

"तेच. पिशवी घिऊन उभाय ते. मी पेडगावावरनं येतो तवा असाच उभा ऱ्हातो. किल्ली हिच्याकडं, ही भजनात. स्वतःच्या घराभायेर पिशवी घिऊन तास तास. सगळी कॉलनी बघती, कुनी म्हनत न्हाई की या, बसा. इथं मी पेडगाववाला. गावात गेलं तर तिथले म्हनतेत, परभनीवाले आले. मग मी हाय कुठला?"

मला बरंही वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं हे दुःख मी एकट्याचं म्हणून जपलं होतं, आणि कॉलनीतल्या सगळ्यात मोठ्या घराचा मालक त्यातला निम्मा वाटा मागत होता. मी सिद्धोधन सरांचं सांगितलं नाही. वाटेकरी वाढवायला मन होईना. आणि खरं म्हणजे सरांचं दुःख आमच्या दोघांच्या पिशवीत मावणारं नव्हतं, हे मला तिथं बसल्याबसल्या कळत होतं.

"तुम्ही नाही हो," मी म्हणालो. "पोरीनं तुम्हाला नीट बघितलेलंसुद्धा नाही."

हे बोलायला नको होतं. व्यंकटरावांचा चेहरा उतरला. वाईट वाटायचं कारण संपलं की माणसाला जास्त वाईट वाटतं.

"बरं," ते म्हणाले, "सही देतो. पोरीचं वर्ष घालवून मला काय मिळनार हाय. पन डोळे फिरवा त्याचे. मला माझ्या दारात रोज इचारनारं नको कुनी."

इथून वाटाघाट सुरू झाली. सोयाबीनच्या भावावर एवढी घासाघीस मी बघितलेली नाही. डोळे डावीकडं फिरवले तर चंद्रभान यांच्या ओसरीवर जातात. चंद्रभान खालूनच ओरडून म्हणाले, आमची लेक बाळंतपणाला येनार हाय, आमच्याकडं नको. उजवीकडं दवाखाना, आजारी माणसानं आधीच काय कमी बघितलेलं असतं. वर बघितला तर व्यंकटरावांचा नवा मजला. खाली बघितला तर चोरी करून उभा राहिल्यासारखा. मिटवले तर मेल्यासारखा, आणि मेलेला परका दारात म्हटल्यावर पोलीसच यायचे. आम्ही दोघं कर्ते पुरुष, ऊन डोक्यावर घेऊन, एका न जन्मलेल्या माणसानं कुठं बघावं यासाठी गावाचा नकाशा तपासत होतो, आणि सगळ्या गावात त्याला बघायला एक बोटभर मोकळी जागा निघेना.

"मग पाठच करा की त्याची," व्यंकटराव म्हणाले. "पाठीला माझी हरकत न्हाई."

मी पेन पुढं केलं. त्यांनी सही केली. उतरताना कस्तुराबाईंनी चहा दिला. मी बसून प्यायलो, आणि चहा लय चांगला होता, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

घरी मी बातमी आनंदाची म्हणून सांगितली. शिवरंजनीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"अप्पा, डोळे म्हणजेच ते चित्र होतं."

"आणि वर्ष म्हणजे वर्ष असतं."

"सिद्धोधन सरांना काय सांगणार?"

"ते समजूतदार आहेत," मी म्हणालो. समजूतदार माणसांच्या खात्यावर आपण किती टाकतो, त्याला मर्यादा नाही.

ती उठून भिंतीपाशी गेली. मग म्हणाली, "आतल्या बाजूला परवानगी लागत नाही ना?"

शुक्रवारचा सगळा दिवस तिनं रस्त्याकडच्या बाजूला काम केलं. डोळ्यांवर वांगी रंगाचा जाड हात फिरला, मग केस आले, मानेची घडी आली, शर्टाची पाठ आली. पिशवी तीच राहिली. शनिवारी परमेश्वर ना-हरकत घ्यायला आले, पाठ बघून समाधान पावले आणि 'इतर' खोडून 'थोर पुरुष' लिहू का म्हणाले. मी नको म्हटलं. चुना परत गेला. त्याच संध्याकाळी हौदात पाणी पडल्याचा आवाज आला आणि आरसा उतरला. तोंड तेवढं राहिलं, पण ते आता दवाखान्याकडं वळवलेलं होतं.

शनिवार-रविवार तिनं भिंतीच्या आतल्या अंगाला, बाहेर पाठ होती नेमक्या त्याच जागी, त्याची पुढची बाजू काढली. आता तो भिंतीतूनच आत आल्यासारखा आमच्या ओसरीपुढं उभा होता. तोच शर्ट, तीच पिशवी, तेच डोळे. बघत होता आमच्या बैठकीच्या सोप्यातल्या टीव्हीच्या पुढं बसलेल्या माणसाकडं, म्हणजे माझ्याकडं.

सोमवारी परीक्षक आल्या. शांत बाई, छत्री लावून. रस्त्यावरून पाठ बघितली. म्हणाल्या, "हा तर साधा माणूस दिसतोय. यात परका कुठं आहे?"

"आत या मॅडम," शिवरंजनी म्हणाली आणि फाटक उघडलं.

बाई आत आल्या, वळल्या आणि थबकल्या. त्यांनी छत्री मिटली. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो.

"मूळ कल्पना अशीच होती का?" त्यांनी विचारलं.

शिवरंजनीनं माझ्याकडं बघितलं नाही. "हो," ती म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. पुढं निकालात पोरगी पहिल्या वर्गात पास झाली.

मग कॉलनीत कळलं की आत तोंड आहे. पाठ बघितली की माणसाला तोंड बघावंच लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. कधी उंबरा न ओलांडलेले लोक फाटक उघडून यायला लागले. कस्तुराबाई आल्या, चंद्रभान आले, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. रुद्राणीनं दूध वाढवलं. बाहेर असताना प्रत्येकाला तो स्वतःवरनं काढल्यासारखा वाटायचा. आत, चहाचा कप हातात घेऊन, यजमान शेजारी बसलेला असताना, सगळ्यांचं एकमत झालं.

"शिवकांतराव," व्यंकटराव म्हणाले, आणि आता सगळेच मला नावानं हाक मारत होते, "राग मानू नका, पन ते तुमच्यावानीच दिसायलंय. हे बघा, नाक."

"शर्टबी त्येंचाच हाय," चंद्रभान म्हणाले.

मी पोरीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "अप्पा, मॉडेलला पैसे लागतात. घरात तुम्हीच होता."

सिद्धोधन सर तेवढे आले नाहीत. मी एकदा दुपारी त्यांना फाटकाशी अडवलं, आत या म्हटलं, आत डोळे आहेत म्हटलं. सरांनी रस्त्यावरूनच पाठीकडं बघितलं.

"फिरवलात होय," ते म्हणाले. "बरं दिसतंय." गाडी बंद न करता ते पुढं गेले.

ताळा करायचा तर असा होतो. परमेश्वर यांनी शिक्का दिला, शिक्का सरकारचा. व्यंकटरावांनी सही दिली, शाई माझी. पाणी त्यांच्या बोअरचं आधीही होतं आणि आताही आहे. आल्यागेल्यांच्या चहाच्या खर्चाचं म्हणाल तर रुद्राणी तो जन्मभर ऐकवून वसूल करील. पोरीला वर्ग मिळाला, मला नाव मिळालं, कॉलनीला बसायला ओसरी मिळाली. कुणाचंच काही गेलं नाही, असं म्हणून मी वही मिटणार होतो. पण बाकी जुळत नव्हती. रस्त्याकडं बघत उभं राहणं हे एकच भिंतीवरच्या त्या वांगी गृहस्थाजवळ होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतलं, आणि त्याची ना-हरकत कुणी मागितली नव्हती.